तिसऱ्या गिअरचा उंबरठा

...आणि दोन गुडघ्यांतला गेला कुठला, तर डावा! उजवा जायला काय झालं होतं त्याला? उजव्या पायाखाली असतं काय, ब्रेक आणि रेस. ब्रेक आमच्या गाडीला आहे तो मनाच्या समाधानासाठी, आणि रेसवर वीट ठेवली तरी गाडी पळते, ठेवून बघितलीय मी. पण डावा! डाव्या पायाखाली क्लच असतो हो! आणि आमच्या पिकअपचा क्लच म्हणजे तुम्हाला काय वाटलं, हार्मोनियमचा भाता? बसलेली म्हैस पायानं उठवायची म्हटली तर जेवढा जोर लागेल तेवढा लागतो, आणि तो दर शंभर पावलांवर, आणि बदलापूर-अंबरनाथ रस्त्याला दर पन्नास पावलांवर. चाळीस वर्षं मी ही म्हैस उठवली. आधी टेम्पोची, मग ह्या डिझेल पिकअपची, भाजी भरली, विटा भरल्या, गणपती भरले, एकदा तर अख्खं वऱ्हाड भरलं आणि नवरदेव मागच्या फाळक्यावर बसवला, पण एक दिवस गुडघा बोलला, बस. डॉक्टर बोलले, "आजोबा, गुडघा नवा बसवलाय, आता क्लचची गाडी बंद. ऑटोमॅटिक घ्या." मी बोललो, "डॉक्टर, बायको ऑटोमॅटिक मिळाली नाही, गाडी कुठनं मिळणार?"

हसा, हसा. डॉक्टर पण हसले. नर्स पण हसली. फक्त बायको, आमची मोतीबाई, हसली नाही, ती स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती, तिनं फक्त मान वर करून बघितलं आणि परत मोसंबी सोलायला लागली. आता मला कळतंय, तो हिशेब तिथंच लिहिला गेला होता. पण तेव्हा मी काय करणार? मी पलंगावरचा माणूस! आणि घरी आलो तेव्हापासून डाव्या सीटवरचा माणूस!

आता डाव्या सीटवर तरी गाडी हवी ना? तर आमचा मुलगा, कमलेश. कॉम्प्युटरवर काम करतो, कसलं ते मला माहीत नाही आणि त्यालाही नक्की माहीत नसावं, कारण विचारलं की इंग्रजीत सांगतो. त्याच्याकडं दोनच पायडलवाली गाडी आहे. दोनच! डाव्या पायाला पेन्शन. मी एकदा विचारलं, "अरे मग डावा पाय आणतोस कशाला, घरी ठेवून जात जा." तर तोंड फुगवून बसला. हा मला एक दिवस बोलतो, "पप्पा, पिकअप काढून टाकू. सोळा वर्षं झाली. मॅन्युअल कोण चालवतो आता? और वो तीसरा गिअर तो सिर्फ आपको ही समझता है."

हे मात्र खरं बोलला. आमच्या पिकअपचा पहिला गिअर ओके, दुसरा ओके, चौथा ओके, पाचवा तर इतका ओके की बदलापुरात त्याची गरजच लागत नाही. पण तिसरा? दुसऱ्यातनं सरळ तिसऱ्यात जायला बघा... खर्रर्रर्र! लोखंडी ट्रंक लादीवरनं ओढत नेल्यासारखा आवाज. अख्ख्या हेंद्रेपाड्याला कळतं, हरिचंद्र आला. तर ह्याचं कसं आहे, आत एक पितळेची रिंग असते. दोन चाकं वेगवेगळ्या वेगात फिरतात, ही रिंग मध्ये पडते, दोघांची समजूत काढते, वेग जुळवून देते. लग्नातल्या मध्यस्थासारखी. ती रिंग झिजली, की मध्यस्थी माणसानं करायची. क्लच दाबायचा, दांडा मधे आणायचा, क्लच सोडायचा... आणि थांबायचं. घाई नाही करायची. आत दोघांना शांत होऊ द्यायचं. मग परत क्लच, आणि दोन बोटांनी दांडा पुढं... साबण लावलेल्या हातातनं बांगडी निघावी तसा जातो. हे मला यायचं. आणि जगात कुणालाही यायचं नाही, आणि मी कुणाला सांगायचो नाही. का सांगू? कुणी गाडी मागायला आला की मी लगेच चावी द्यायचो. "घेऊन जा, घेऊन जा!" पाच मिनिटांत खर्रर्र करत चावी परत.

बरं, कमलेशनं जाहिरात टाकली फोनवर. पहिलं गिऱ्हाईक आलं अंबरनाथ पश्चिमेचं. दातारसाहेब, बाळ दातार. मोठ्या कारखान्यात ऑफिसर होते, रिटायर झाले, आता वांगणीकडं जागा घेऊन झाडं लावतात. सोबत त्यांच्या वृंदाताई. साहेबांचा शर्ट इस्त्रीचा, खिशात पेन, हातात वही, वहीत प्रश्न लिहून आणलेले! "हरिचंद्रराव, ह्या वाहनाचे टॉर्क किती?" मी बोललो, "साहेब, होते दोन, एक काढून ठेवलाय." त्यांनी लिहून घेतलं! देवाशप्पथ, लिहून घेतलं!

मग बसले स्टेरिंगवर. आता आमच्या दांड्यावर जो नॉब आहे ना, तो मी उल्हासनगरच्या बाजारातनं आणलेला, दिसायला चकचकीत, आत काचेत विंचू, पण त्याच्यावर गिअर छापलेत सहा आणि गाडीला आहेत पाच. दुकानदाराला मी तेव्हाच बोललो होतो, शेठ, एक जास्त आहे. तो बोलला, "काका, एक फ्री समझो ना." तर दातारसाहेब तिसऱ्याला खर्रर्र, परत खर्रर्र, तिसरा सोडून चौथा, आणि मग सहावा शोधायला लागले. "अहो हरिचंद्रराव, हा सहावा लागत नाहीये." मी एकदम गंभीर. "साहेब, सहावा इथं नाही लागत. कर्जतच्या पुढं लागतो. हवा पातळ लागते त्याला." ते ओढतायत, ओढतायत, कपाळावर घाम, आणि खटॅक! विंचवासकट नॉब हातात. वृंदाताई मागच्या गाडीतनं उतरून आल्या आणि एवढंच बोलल्या, "अहो, उतरा." साहेब उतरले. नॉब माझ्या हातात दिला, नमस्कार केला आणि गेले.

मी घरी येऊन इतका हसलो, इतका हसलो, की नवा गुडघा दुखायला लागला. पण हसणं असतं ना, ते पण झिजतं. चार गिऱ्हाइकं आली, चारही खर्रर्र करून गेली, आणि पाचव्या दिवशी कमलेश बोलतो, "ठीक आहे पप्पा. विकली जात नाही ना? मग सोमवारी भंगारवाला येईल, कापून नेईल."

कापून!

तुम्हाला सांगतो, माझं हसू तिथंच थांबलं. मी गाडी विकली जाऊ नये म्हणून एवढी नाटकं केली, आणि त्याच नाटकांनी ती भंगारात चालली. बोलू काय? "ती चांगली आहे, मीच कुणाला चालवू देत नव्हतो" असं? आणि बोललो असतो तरी... आमच्या पाड्यात माझं खरं कोण ऐकतं? मी एकदा शेजारच्या आनंदाला सांगितलं होतं, तुझ्या घराला आग लागलीय, आणि खरंच लागली होती, तर तो चहा संपवून उठला.

रात्री जेवायला बसलो. आणि मग सून बोलली. करिष्मा. आमची करिष्मा बचत गटाच्या बायकांबरोबर मसाला कुटते, आपला आगरी मसाला हो, पंचवीस-तीस डबे रोज उल्हासनगर, अंबरनाथ, शहाडपर्यंत जातात, आणि रिक्षावाले डबा बघितला की शिंकायच्या आधी भाडं वाढवतात. ती बोलली, "पप्पा, मला शिकवा. मी चालवते पिकअप."

कमलेशला ठसका लागला. "तू? तो तीसरा गिअर..."

"पप्पांना येतो ना? मग मला पण येईल."

कमलेश हसला आणि शर्त घातली. रविवारी शहाडच्या गोदामातनं विनिताचं सामान उचलायचं. विनिता आमची मुलगी, ती आणि जावई अमित, दोघांनी अंबरनाथला नवीन फ्लॅट घेतलाय. कपाट, पलंग, फ्रीज, सगळं भरून करिष्मानं शहाडहून अंबरनाथला न्यायचं. हा स्कूटरवर मागनं येणार, ती पण बिनगिअरची. तीन वेळा खर्रर्र झालं, की सोमवारी भंगारवाला. तीन! मी बोललो, "पाच कर." तो बोलला, "तीन." मी काय करणार? मी डाव्या सीटवरचा माणूस!

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी. करिष्मा उजवीकडं, मधे मोतीबाई, ती कशाला आली विचारू नका, तीच बोलली, "मी येनार," आणि आली, आणि खिडकीला मी. पहिला, दुसरा, आणि खर्रर्र. परत खर्रर्र. मी सांगतोय, पोरी, मधे थांब, ती थांबतच नाही! आजकालच्या पोरांना मधे थांबायचं माहीतच नाही हो. लिफ्टचं बटण चार वेळा दाबणारी पिढी! मी बोललो, मनात तीन आकडे मोज. ती "एकदोनतीन" असं एका श्वासात. खर्रर्र. आणि मग... मग मला सुचलं. म्हणजे सुचलं काय, जिभेला खाज सुटली. इथंच माझं वाटोळं झालं.

मी एकदम आवाज खाली आणला. बोललो, "करिष्मा, तुला एक गोष्ट सांगितली नाही. ही गाडी आमच्या घरातली आहे. जुन्या वळणाची. तू लग्न होऊन आलीस तेव्हा दारात काय झालं होतं?"

"विनिताताईंनी दार अडवलं होतं."

"का?"

"नाव घे बोलल्या. नाव घेतलं, मग आत सोडलं."

"बस! तिसरा गिअर म्हणजे ह्या गाडीचा उंबरठा. नवी सून आहेस तू तिला. नाव घेतल्याशिवाय आत घेणार नाही."

मोतीबाईनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण हसू दाढेत धरून ठेवलं होतं. आणि करिष्मानं, बिचारीनं, खरंच क्लच दाबला, दांडा मधे आणला, क्लच सोडला, आणि सुरू केलं...

"सुक्या जवळ्याला कांद्याची फोडणी, गरम भाताला वाटी,
कमलेशरावांचं नाव घेते... तिसऱ्या गिअरसाठी!"

आणि परत क्लच, आणि दांडा पुढं, आणि... गेला! आवाज नाही, धक्का नाही, गेला! अहो, जाणारच ना! उखाणा संपेपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ आतल्या चाकांना लागतो! मी मस्करी केली आणि ती इंजिनिअरिंग निघाली!

आता तुम्ही सांगा, मी तिला खरं सांगू कसं? खरं सांगितलं की ती परत "एकदोनतीन" करणार. चालू दिलं मी. आणि पोरगी हुशार! चार दिवसांत चढावरचा छोटा आणि सपाटीचा मोठा असे वेगवेगळे केले, कारण चढावर लांबण लावली की गाडीच थांबते. चढावरचा कसा, तर,

"धूर निघाला काळा, कमलेशराव पळा!"

एवढाच! सिग्नलला खिडक्या उघड्या, बाजूला रिक्षावाले, आणि आमच्या केबिनमधनं उखाणे! मसाल्याचे डबे पोचतायत, गिअर पडतायत, आणि माझ्या मुलाचं नाव अख्ख्या अंबरनाथला पाठ झालं. एक भाजीवाला कमलेशला विचारतो, "तुमीच का ते काळ्या धुरातले?" कमलेश घरी येऊन माझ्यावर ओरडला, "पप्पा, ये क्या लगा रखा है!" मी बोललो, "अरे, बायको भररस्त्यात नाव घेते तुझं. नशीबवान आहेस."

तेव्हा मोतीबाई भांडी घासत होती. हात थांबले तिचे.

आता तुम्हाला मोतीबाईचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या लग्नाला झाली त्रेचाळीस वर्षं. ह्या त्रेचाळीस वर्षांत तिनं माझं नाव घेतलं लग्नात, बारशाला, सत्यनारायणाला, हळदीकुंकवाला, गाडीची पूजा केली तेव्हा बोनेटसमोर. आणि मी तिचं? एकदाही नाही. लाजून नाही हो, मजा म्हणून. लग्नात बायका मागं लागल्या तर मी गालात अख्खी सुपारी धरली आणि दाढ सुजली म्हणून कण्हत बसलो. तिच्या आईनं लवंगेचं तेल आणून लावलं मला! कमलेशच्या बारशाला मागच्या दारानं पळालो. माझ्या साठीला माईक हातात दिला, तर मी माईकची वायर काढली. सगळे हसले. मीच जास्त. ती पण हसायची. म्हणजे मला वाटायचं, हसते.

आला रविवार. शहाडच्या गोदामात सामान भरलं, कपाट उभं, फ्रीज आडवा, दोरी बांधली, कमलेश मागं स्कूटरवर हेल्मेट घालून, पंचासारखा. मी, मोतीबाई, करिष्मा. मी बोललो, "चल पोरी." करिष्मा माझ्याकडं वळली, गळ्याला हात लावला आणि नुसती हवा निघाली तोंडातनं. "प्...प्पा..."

आवाज गेलेला!

काय तर म्हणे, आदल्या संध्याकाळी आनंदाच्या मुलाची हळद होती, त्यात धवल्याची, म्हणजे आमची आगरी लग्नाची, गाणी गायली, मग डीजेबरोबर गायली, घसा बसला. अगं, उद्या परीक्षा आहे, आज गातात का? तिनं खूण केली, "नाव... कोण...?"

मी घाबरलो. तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षांत गाडीत पहिल्यांदा घाबरलो. मी बोललो, "ऐक, ऐक करिष्मा, तुला खरं सांगतो. ती मस्करी होती. उंबरठा-बिंबरठा काही नाही. आत पितळेची रिंग असते, ती झिजलीय, म्हणून मधे थांबायचं असतं, बाकी नाव-बिव काय लागत नाही, मनात सावकाश मोज, एक... दोन... तीन..."

मोतीबाई बोलली, "झाला. म्हाताऱ्यानी आता रिंग काडली."

"अगं खरंच रिंग असते!"

"परवा उंबरठा व्हता. आज रिंग. उद्या बोलाल, आतमदी भटजी बसलाय."

करिष्मानं तरी बिचारीनं प्रयत्न केला. रस्ता मोकळा झाला, दुसरा, क्लच, मधे, ओठ हलताना दिसले, एक, दोन, आणि... खर्रर्रर्र! आरशात बघतो तर कमलेशनं एक बोट वर केलेलं. पुढं उल्हासनगरच्या सतरा सेक्शनच्या चौकात गाडी थांबली, परत निघाली, पहिला, दुसरा, मी ओरडतोय "थांब, थांब, थांब!" आणि खर्रर्रर्र! आरशात दोन बोटं. आता एक राहिलं. एक खर्रर्र आणि सोमवारी गॅस कटर घेऊन येणार भंगारवाला. आधी केबिन कापतात, माहीत आहे तुम्हाला? आधी केबिन. ज्या सीटवर मी सोळा वर्षं... बरं, राहू दे.

गाडी दुसऱ्यात किंचाळतेय, मागं रिक्षांची रांग, पीं पीं पीं, एक रिक्षावाला बाजूला येऊन, "अरे काका, तीसरा डालो ना! मुहूर्त निकालना है क्या?" मी करिष्माला हात जोडले. तिनं गळ्याला हात लावून मान हलवली. मी मोतीबाईकडं वळलो. "तू घे नाव. तुला तर शंभर येतात. घे, लवकर घे!"

मोतीबाईनं पदर नीट केला. सावकाश. रिक्षा बोंबलतायत आणि ही पदर नीट करतेय!

"मी नाय घेत."

"अगं गाडी जाईल!"

"तिरेचाळीस वरसा मी घेतला. लगीन लागला म्हनून घेतला, पोर झाला म्हनून घेतला, ह्या गारीसमोर पन घेतला. आज तुमी घ्या. माजा नाव घेतल्याबिगर गारी हलाची नाय."

"मोते..."

"मोते नाय. सगला. उखान्यात."

मी तोंडाला हात लावला. सवयीनं हो! सुपारी शोधत होतो!

"दाढ दुकते का?" ती बोलली. "लवंग आनलीय मी." आणि खरंच कमरेच्या बटव्यातनं लवंग काढली! त्रेचाळीस वर्षं! त्रेचाळीस वर्षांची लवंग!

आता मी काय करणार? दार उघडून पळू? मागच्या दारानं पळायला केबिनला मागचं दार नाही. आणि गुडघा नवा. उजवीकडं बायको, डावीकडं रिक्षावाला, मागं मुलगा दोन बोटं वर करून. मी डाव्या सीटवरचा माणूस! मी डोळे मिटले. काही सुचेना, मागच्या कपाटाची तेवढी कडी वाजत होती, खण खण. तीच धरली.

"लोखंडी... लोखंडी कपाटाला... पितळेची कडी..."

"मोट्यानी," मोतीबाई बोलली.

"लोखंडी कपाटाला पितळेची कडी,
मोतीबाईचं नाव घेतो... सुटू दे माझी गाडी!"

गेला! तिसरा गेला! साबणातनं बांगडी! बाजूच्या रिक्षावाल्यानं शिट्टी वाजवली, "वाह काका!" आणि त्याच्या मागं बसलेल्या दोन बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझे कान इतके गरम झाले की त्यावर पापड भाजले असते.

मला वाटलं, सुटलो. पण रस्ता कुठला? उल्हासनगर! पुढं सिग्नल. पुढं स्पीडब्रेकर. पुढं हातगाडी. पुढं एक माणूस रस्त्याच्या मधोमध फोनवर बोलत उभा. दर वेळी पहिला, दर वेळी दुसरा, आणि दर वेळी दोन बायका माझ्याकडं वळून बघतायत. आणि तोच उखाणा परत चालेना! दुसऱ्यांदा कडी म्हटली तर मोतीबाई बोलते, "ह्यो झाला." करिष्मानं दांडा मधेच धरून ठेवला, क्लचवर पाय, वाट बघतेय! मी जुळवतोय, जुळवतोय. फ्रीजवर जुळवला. पंक्चरवाल्यावर जुळवला. समोर म्हैस आली, तिच्यावर जुळवला, तो परत म्हणायला लावला कारण त्यात म्हैस कोण आणि मोतीबाई कोण ते स्पष्ट नव्हतं. चढावर छोटा, "चढ आला बाई, ढकल मोतीबाई!" तर ती बोलली, "मीच ढकलू? नेहमी मीच ढकलू?" मी काय करणार?

आणि अंबरनाथच्या अलीकडं, सगळं संपलं होतं माझ्याकडचं, यमकं संपली, वस्तू संपल्या, तेव्हा काय झालं मला माहीत नाही. बाजूला बघितलं, तर ती मधल्या सीटवर बसलेली, समोर रस्ता बघत, हात मांडीवर. आणि माझ्या डोक्यात आलं, च्यायला, ही ह्या गाडीत नेहमी माझ्या डावीकडंच बसायची. आणि मी सोळा वर्षं रस्ता बघत होतो. आणि तोंडातनं आपोआप निघालं...

"चाळीस वर्षं स्टेरिंग धरलं, खाल्ली रस्त्याची माती,
डाव्या सीटवर आल्यावर... दिसली मला मोती."

गिअर गेला की नाही मला कळलंच नाही. मोतीबाई काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे एकही शब्द नाही, "मोट्यानी" पण नाही, "ह्यो झाला" पण नाही. नुसतं पदरानं नाक पुसलं आणि डिझेलच्या धुराला शिव्या घातल्या. आता धूर गाडीच्या मागं निघतो हो, पुढं कुठनं येणार! मी पण खिडकीतनं बाहेर बघितलं. मला पण थोडा धूर लागला.

पोचलो विनिताच्या बिल्डिंगखाली. मोजा, अकरा वेळा नाव घेतलं मी. करिष्मानं गाडी लावली, हँडब्रेक ओढला, खिडकीतनं डोकं बाहेर काढलं आणि चौथ्या मजल्याकडं बघून अशी खणखणीत बोंब मारली, "विनिताताईईई! घेतलं! अकरा वेळाआआ!"

घसा बसलेला ना? घसा! वरनं विनिता नाचतेय गॅलरीत! मी मोतीबाईकडं बघतो तर ती गालात हसतेय आणि लवंग चघळतेय. म्हणजे ह्या तिघींनी... आणि करिष्मा मला काय बोलते माहीत आहे? "पप्पा, रिंगचं मला पहिल्याच दिवशी कळलं. जनूला विचारलं होतं." जनू म्हणजे आमच्या पाड्यातला मेकॅनिक. "मग उखाणे कशाला घेत होतीस?" तर बोलते, "तुम्हाला सवय व्हावी म्हणून."

मला! मला, ज्यानं अख्ख्या बदलापूरला बनवलं!

बरं, कमलेश शर्तीला पक्का. दोनच खर्रर्र झाले, गाडी वाचली. भंगारवाल्याला फोन करून नाही म्हणाला. वर मला मिठी मारून बोलतो, "पप्पा, मान गए. आता मी गिअरबॉक्सच नीट करून देतो. नवीन रिंग मागवतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे." अरे, मी तर उडीच मारणार होतो! नवीन रिंग! म्हणजे मी सुटलो! म्हणजे तिसरा आपोआप पडणार, आणि माझं तोंड परत माझं होणार! मी रात्रभर झोपलो नाही आनंदानं.

काल आला जनू रिंग घेऊन. डब्यात, कागदात गुंडाळलेली, पिवळीधमक. मी बोललो, "खोल, खोल, लवकर खोल!" तेवढ्यात मोतीबाई बाहेर आली हात पुसत. "बगू दे," बोलली. घेतली हातात. फिरवून बघितली. "पितलेची हाय?"

जनू बोलला, "हो मावशी, एक नंबर माल."

आणि तुम्हाला सांगतो, तिनं ती मनगटात घातली! बांगडीसारखी! आणि बसली! बरोबर बसली! हात वर करून उन्हात धरून बघतेय, बाहेरचे बारीक दात चमकतायत. "झाक हाय," बोलली. "लग्नात सोन्याच्या देनार व्हता. पितलेची का व्हईना, आली." आणि जनूला चहा करायला गेली. गेली ती गेली. रिंग हातात. रात्री जेवताना हातात, झोपताना हातात, सकाळी भाकरी थापताना खळ्ळ खळ्ळ वाजतेय. कमलेशला मी इशारा केला, दुसरी मागव. तर आतनं आवाज, "गिअरला हात लावायचा नाय!"

तर आता असं आहे. गाडी वाचली, सून खूश, मसाला खपतोय, मुलगा खूश, मोतीबाईच्या हातात बांगडी. आणि माझं? मी काय करणार? मी डाव्या सीटवरचा माणूस! उद्या सकाळी चाळीस डबे घेऊन शहाडला जायचंय, आणि माझ्याकडचे सगळे संपलेत, फ्रीज संपला, म्हैस संपली. हसताय काय? तुमच्यातला कुणी शिकलेला असेल तर मोतीबाईला जुळणारं एखादं सांगा ना...

छोटंच सांगा. वाटेत चढ आहे.